बिल कुणी दिलं?

लेकीला नोकरीत बढती मिळाली. मला वाटलं, पेढे आणेल, फार तर बाहेर जेवायला नेईल. पण बाईसाहेब म्हणाल्या, "आई, शनिवारी तुला ब्रूपबमध्ये नेणार. बाबा नकोत, आपण दोघीच."

पब म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला. मी भाईंदर पूर्वेला बचत गटांचं काम करते. 'आडवी बाटली'साठी बायकांच्या सभा घेतल्यात. मला तिथं कुणी पाहिलं तर? पण लेकीच्या डोळ्यांतला आनंद पाहून 'नाही' म्हणवेना.

दादरला गाडी बदलून लोअर परळला उतरलो. चालत चालत एका जुन्या गिरणीच्या आवारात शिरलो आणि माझे पायच अडखळले. माझा मामा याच भागातल्या एका गिरणीत साच्यावर कामाला होता. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात मामाही होता. त्याला परत आत जाणं जमलंच नाही. कामाची वाट बघता बघता तो गुत्त्यावर बसायला लागला. घर मामीच्या खानावळीवर चाललं. अशा खानावळवाल्या बायकांना सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं होतं. पण कष्टानं मिळवलेला पैसा घरच्याच माणसापासून कसा राखायचा? मामी तो तांदळाच्या डब्यात लपवायची. सुट्टीत राहायला गेलेल्या मी, जेमतेम नऊ-दहा वर्षांच्या पोरीनं, मामाला त्या डब्यात हात घालताना पाहिलंय. नंतर मामीचा आवाज आला, तोही ऐकलाय.

आणि आता त्याच गिरणगावात मी बिअर प्यायला आले होते!

आत शिरताना वाटलं होतं, अंधार असेल, धूर असेल, धांगडधिंगा असेल. निघालं भलतंच. विटांच्या जुन्या भिंती, उंच छत आणि काचेपलीकडे आमच्या भाईंदरच्या स्टीलच्या डब्यांसारख्या चकचकीत, पण पुरुषभर उंचीच्या टाक्या. तिथल्या मुलानं हौसेनं सगळं समजावलं. जवाला मोड आणून ते वाळवायचे, भरडायचे आणि गरम पाण्यात ठेवायचे. ते गोड पाणी गाळून उकळताना हॉप्स नावाची फुलं घालायची, त्यांनी कडवटपणा येतो. मग गार करून यीस्ट घालायचं आणि काही दिवस आंबू द्यायचं. मी म्हटलं, "म्हणजे सुरुवात आपल्या नाचणीच्या सत्त्वासारखी आणि शेवट इडलीच्या पिठासारखा!" लेक कपाळाला हात लावून हसली. गव्हाच्या बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येत होता. त्यात ना केळं होतं ना लवंग, ती सगळी यीस्टची करामत. पुण्यात 'डूलाली'नं २००९ मध्ये अशी बिअर जागेवरच बनवून द्यायला सुरुवात केली. मुंबईत हे लोण त्यानंतर चार-पाच वर्षांनी आलं.

खरं सांगते, मी तिच्या ग्लासातले चार घोट घेतले. कोळंबी मात्र पोटभर खाल्ली.

बघत राहावं असं खरं तर आजूबाजूलाच होतं. शेजारच्या टेबलावर चार मुली मोठमोठ्यानं हसत होत्या. कोपऱ्यात एक बाई एकटीच पुस्तक वाचत बसली होती. त्यांच्याकडे कुणी वळूनही बघत नव्हतं. काशिमिऱ्याच्या हायवेवर ऑर्केस्ट्रा बारवरून जाताना आम्ही बायका मान खाली घालून झपझप चालतो. तिथं बाई असते ती दुसऱ्यांनी बघायला. इथं ती गिऱ्हाईक होती. हा फरक माझ्यासारखीलाही नाकारता येईना.

बिल आलं आणि मला घेरीच यायची बाकी राहिली. आमच्या गटातली एक बाई इमिटेशन दागिन्यांचे मणी ओवून पंधरा दिवसांत मिळवते, तेवढी रक्कम! लेकीनं शांतपणे कार्ड दिलं. एकच ग्लास घेतला होता तिनं. लेडीज डब्यात माझ्या खांद्यावर डोकं टेकून ती भाईंदरपर्यंत झोपली.

झोप मला आली नाही. सोमवारी गटाच्या बैठकीत मी सगळं सांगून टाकलं. लपवलं असतं, तर पुन्हा त्यांच्यासमोर उभं कुठल्या तोंडानं राहिले असते? क्षणभर सगळ्या गप्प. मग ती मणी ओवणारीच म्हणाली, "ताई, बिल कुणी दिलं?"

"लेकीनं."

"तिच्या पगारातून? आणि घरी येऊन कुणावर हात नाही ना टाकला? मग एवढं काय तोंड पाडून बसलात!" सगळ्या हसल्या. पण मागून एक हळूच म्हणाली, "ताई, माझा पोरगा सतरा वर्षांचा आहे. बाप पितो म्हणून मी त्याला रोज बजावते. उद्या तो म्हणाला, 'ताई पण जाते,' तर मी काय सांगू?"

या दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. बरेच दिवस विचार केला तेव्हा एवढं सुचलं. बिअर सौम्य असली तरी ती दारूच. कुठलंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सांगितलंय. आपल्या राज्यात सौम्य बिअरसाठी एकवीस आणि कडक दारूसाठी पंचवीस वर्षं वयाची अट आहे, प्यायला परवाना लागतो. हे त्या पोराला सांगायचं आणि माझ्या लेकीलाही सांगायचं. गरिबाचं ते व्यसन आणि आपलं ते 'कल्चर', असा दुटप्पीपणा मला जमणार नाही.

पण त्या पहिल्या प्रश्नानं माझे डोळे उघडले. दारूची चर्चा आपण नेहमी 'चांगली बाई पिते का?' इथं नेऊन ठेवतो. विचारायला हवं ते हे, की पैसा कुणाचा गेला, कुणाला विचारून गेला आणि मार कुणी खाल्ला? मामीला यातलं काही ठरवता आलं नाही. माझ्या लेकीला आलं. २००८ च्या शासन आदेशानं वॉर्डातल्या बायकांना दुकान बंद करण्यासाठी मतदान मागता येतं, ते याच ठरवण्याच्या हक्कासाठी. म्हणून मी आडवी बाटली सोडलेली नाही. आणि लेकीनं कुठं जाते ते माझ्यापासून लपवावं, असंही मला वाटत नाही.

पुढच्या वेळी कुणाच्या घरात दारूवरून तंटा झाला, तर 'किती प्यायला?' याआधी एवढं जरूर विचारा, 'बिल कुणी दिलं?' बहुतेक घरांत उत्तर तांदळाच्या डब्यातच सापडेल.