नोटरीचा शिक्का आणि कर्जदाराचे घर

नागपूरच्या सिव्हिल लाईन्समधील जिल्हा न्यायालयाच्या परिसरात नोटरींच्या टेबलांभोवती जी गर्दी असते, तिच्यात गृहकर्जासाठी धावपळ करणारा माणूस सहज ओळखू येतो. त्याच्या हातात प्रतिज्ञापत्र, हमीपत्र, मुखत्यारपत्र असे कागद असतात. मजकूर बँकेने छापून दिलेला आणि बहुधा इंग्रजीत. नोटरी ओळखपत्र पाहतो, नोंदवहीत सही घेतो, शिक्का मारतो. काही मिनिटांत कागद ‘पक्का’ होतो. नेमका कशापुरता पक्का झाला, हे मात्र त्या माणसाला कोणी सांगत नाही.

1952 च्या नोटरी कायद्यान्वये नोटरीची नेमणूक सरकार करते. तो वकील असला, तरी शिक्का मारताना तो कोणत्याही पक्षाचा वकील नसतो. अमुक माणसाने आपल्यासमोर सही केली, एवढ्याचीच तो ग्वाही देतो. मजकूर खरा आहे, विकणाऱ्याला विकण्याचा अधिकार आहे, अटी न्याय्य आहेत, यांपैकी कशाचीही हमी त्या शिक्क्यात नसते. सामान्य माणूस मात्र त्यात सरकारची मोहोर पाहतो, आणि त्याच्या या विश्वासावर आजवर अनेकांनी आपली घरे भरली आहेत.

याचा सर्वांत कडू अनुभव नागपूरइतका क्वचितच दुसऱ्या शहराने घेतला असेल. शहराभोवतालच्या मौजांतील शेतजमिनी खसरा नंबरासह तुकड्यांनी विकल्या गेल्या आणि वस्त्या उभ्या राहिल्या. ‘572’ आणि ‘1900’ या नुसत्या आकड्यांनी ओळखले जाणारे लेआउट त्यांतूनच आले. अशा वस्त्यांत पुष्कळ प्लॉट बयाणापत्रावर, आममुखत्यारपत्रावर, म्हणजे लोकभाषेत ‘नोटरीवर’, हातोहात फिरले. शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्ताशिवाय होत नाही, हा कायदा 1882 सालापासूनचा. मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात पुन्हा बजावले. 2001 च्या गुंठेवारी कायद्याने नियमितीकरणाची वाट मोकळी केली खरी. पण नागपूर सुधार प्रन्यासचे नियमितीकरण पत्र आणि रजिस्ट्री हाती नसलेला माणूस बँकेच्या दारातून रिकाम्या हाताने परततो. मग तो सावकाराकडे जातो. आयुष्याची कमाई ज्या कागदावर त्याने ओतली, तो कागद बँकेच्या लेखी रद्दी ठरतो.

ज्यांची आखीव पत्रिका व रजिस्ट्री चोख आहे, त्यांची कथा निराळी. पण अज्ञान तेच. गृहकर्जात गहाणखत लिहिले जातेच असे नाही. मालकीहक्काची मूळ कागदपत्रे बँकेकडे ठेवली की कायद्याने गहाण पुरे होते. त्याची सूचना 30 दिवसांत दुय्यम निबंधकाकडे द्यावी लागते, म्हणजे सरकारदरबारी नोंद राहते. पण कर्जदाराला त्याचा अर्थ उलगडून सांगणारा कोणी या साऱ्या प्रवासात भेटत नाही. हप्ते थकून खाते अनुत्पादक ठरले की 2002 च्या सरफेसी कायद्याखाली 60 दिवसांची नोटीस देऊन, दिवाणी दावा न लावता, बँक घराच्या ताब्याकडे वळू शकते. शेतजमिनीला या कायद्यातून सूट आहे. कामगाराच्या दोन खोल्यांना नाही. दाद मागायची तर ताब्याच्या कारवाईपासून 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे. ते नागपुरातच आहे, हे किती कर्जदारांना ठाऊक असते?

अमेरिकेत 2010 मध्ये उघडकीस आले की, बँकांचे कर्मचारी न वाचता रोज ढिगांनी प्रतिज्ञापत्रांवर सह्या करीत होते, सही करणारा समोर नसतानाही नोटरी शिक्के मारीत होते, आणि त्या कागदांवर लोकांची घरे जात होती. 2012 मध्ये पाच बड्या बँकांना 2500 कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. उलट, घरजप्त्यांनी होरपळलेल्या स्पेनने 2019 मध्ये वेगळा कायदा केला. तेथे कर्जदाराने सहीच्या किमान एक दिवस आधी स्वतः निवडलेल्या नोटरीकडे जायचे. नोटरीने अटी समजावायच्या आणि त्या समजल्या की नाही हे प्रश्न विचारून तपासायचे. कर्जदाराला याचा खर्च नाही. हा सोपस्कार झाल्याखेरीज कर्जाचा दस्त होत नाही. तेथील नोटरीचे पद आपल्याहून फार वजनदार आहे, हे मान्य. पण शिक्का कोणाच्या रक्षणासाठी, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

नोटरीला दोष देणे सोपे आहे. शुल्क तुटपुंजे, रांग मोठी, आणि मजकूर समजावून देण्याचे स्पष्ट बंधन कायद्यात नाही. दोष कायद्याच्या रचनेत आहे. कलम 13 अन्वये नोटरीने कामाच्या ओघात केलेल्या अपराधाची दखल न्यायालय सरकारनियुक्त अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीखेरीज घेऊ शकत नाही. फसलेल्या नागरिकाची थेट फिर्याद तेथे अडते. नोटरींनी विवाह-घटस्फोटाचे कागद करू नयेत, असे केंद्र सरकारने 2024 मध्ये बजावले. संसाराच्या कागदांची काळजी वाटली, संसाराच्या छपराची वाटली नाही!

घराशी संबंधित प्रत्येक कागद नोटरीने कर्जदाराच्या भाषेत वाचून दाखवावा, ‘या कागदाने मालकी मिळत नाही’ हे वाक्य मराठीत ठळक लिहावे, आणि त्या कामाचे शुल्क कर्ज देणाऱ्या संस्थेने द्यावे, अशी दुरुस्ती नियमांत झाली पाहिजे. तोवर हाताशी असलेली आयुधे तरी वापरात यावीत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर 2024 पासून कर्जाचे मुख्य तपशीलपत्रक कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत देणे आणि समजावून सांगणे बंधनकारक आहे. कार्यकर्त्यांनी वस्तीतील प्रत्येक नव्या कर्जदाराला ते मराठीत मागावयास लावावे. गैरवर्तन करणाऱ्या नोटरीविरुद्ध विहित नमुन्यात सरकारकडे तक्रार करता येते. चौकशीअंती त्याचे नाव नोंदवहीतून कमी होऊ शकते. आणि कर्ज फिटल्यावर 30 दिवसांत मूळ कागद परत न केल्यास, दिरंगाई बँकेची असेल तर, दररोज 5000 रुपये भरपाई देणे तिला भाग आहे. हा नियम 1 डिसेंबर 2023 पासून लागू आहे.