पाऊल सुन्न आहे तोवरच गोळी

घोट्याच्या मोडलेल्या हाडाची शस्त्रक्रिया दुपारी होते. संध्याकाळी भेटायला आलेल्यांना रुग्ण हसत सांगतो, ‘अजिबात दुखत नाही.’ मग समोर आलेली गोळी उशाशीच राहते. दुखत नाही तर उगाच कशाला? रात्री दोनच्या सुमारास पायातला बधिरपणा उतरतो आणि ठणका असा सुरू होतो की घरातलं कुणीच झोपत नाही. तेव्हा घाईने घेतलेल्या गोळीला अंमल चढवायला अर्धा-पाऊण तास लागतो. तोवर वेदना हाताबाहेर गेलेली असते.

यात रुग्णाचा दोष फारसा नाही. त्याला संध्याकाळी वाटणारा आराम हा भूलतज्ज्ञाने दिलेल्या ‘नर्व्ह ब्लॉक’चा असतो. गुडघ्यामागच्या खळगीत सोनोग्राफीवर पाहून मोठ्या नसेभोवती बधिर करणारं औषध सोडतात. घोट्याच्या आतल्या बाजूसाठी आणखी एका नसेला इंजेक्शन लागू शकतं. दीर्घकाळ टिकणारं औषध वापरलं तर हा परिणाम साधारण १२ ते २४ तास राहतो. तो ओसरताना वेदना एकदम उसळते, हे भूलशास्त्राला चांगलंच माहीत आहे. म्हणून पाऊल सुन्न असतानाच पोटात गोळी हवी. पण डिस्चार्ज कार्डावर बहुधा लिहिलेलं असतं, ‘दुखल्यास घेणे’. पहिल्या दोन-तीन दिवसांसाठी ही सूचना चुकीची आहे. तिथे घड्याळाची वेळ लिहिली पाहिजे.

वेदना एका वाटेने येत नाही. जखमेजवळ सूज आणणारी रसायनं तयार होतात, नसा तो निरोप वर नेतात, मज्जारज्जू आणि मेंदू त्याची तीव्रता ठरवतात. आयब्युप्रोफेनसारखी सूजविरोधी औषधं पहिल्या टप्प्यावर काम करतात, ब्लॉक दुसऱ्या, पॅरासिटामॉल आणि ट्रॅमाडॉल मुख्यतः वरच्या. प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं अडवलं तर एकाच औषधाचा मोठा डोस टळतो. डेन्मार्कचे हेन्रिक केलेट आणि योर्गेन डाल यांनी १९९३ मध्ये हा विचार नेटकेपणाने मांडला. तीस वर्षं उलटली, तरी आपल्याकडे तो शस्त्रक्रियागृहात पोहोचला आणि वॉर्डाच्या दारातच थांबला.

मात्र संयुक्त उपचार म्हणजे चिठ्ठीवरच्या गोळ्या वाढवणं नव्हे. तसा अर्थ सर्रास लावला जातो. गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन सवयीने जोडलं जातं. वृद्धांमध्ये आणि श्वसनाचे आजार असलेल्यांमध्ये त्याने श्वास मंदावू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये दिला. ट्रॅमाडॉलने चक्कर येते, मळमळतं, आणि कुबड्यांवर बाथरूमला निघालेल्या माणसाला चक्कर परवडणारी नसते. ते इतर उपायांनी भागत नसेल तेव्हाच आणि मोजक्या दिवसांपुरतंच असावं. मूत्रपिंडाचा विकार, पोटातला अल्सर किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर सूजविरोधी गोळी घातक ठरू शकते. हाड जुळण्यावर या गोळ्यांचा परिणाम होतो का, हा वाद अजून मिटलेला नाही. तिथे शल्यचिकित्सकाचा शब्द मानावा.

आणखी एक घोळ नावांचा. एका गोळीत ॲसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल, दुसरीत ट्रॅमाडॉल आणि पुन्हा पॅरासिटामॉल, वर घरातली तापाची गोळी. प्रौढांसाठी पॅरासिटामॉलची मर्यादा दिवसाला ४ ग्रॅम. किरकोळ अंगाच्या, यकृताचा आजार असलेल्या किंवा मद्यपी रुग्णांसाठी त्याहून कमी. तीन वेगळ्या वेष्टनांतून एकच औषध जातंय, हे कोण पाहतं?

बिनखर्चाचा उपाय मात्र दुर्लक्षित राहतो. पाऊल हृदयापेक्षा उंच हवं. खुर्चीत बसून मुढ्यावर पाय ठेवणं म्हणजे ते नव्हे; पाठीवर निजून पोटरीखाली दोन-तीन उशा घ्याव्या लागतात. सूज कमी तर ठणका कमी. बर्फ कापडात गुंडाळून १५-२० मिनिटं ठेवावा, पण सुन्न त्वचेवर नको, कारण पोळलेलं कळतच नाही. सुन्न पायावर उभंही राहू नये.

आणि वेळेवर गोळ्या घेऊनही वेदना वाढतच गेली, बोटं थंड किंवा निळी पडली, कुणी बोट हलवताच कळ मस्तकात गेली, तर आणखी एक गोळी हे उत्तर नाही. प्लास्टर घट्ट झालेलं असू शकतं, पायाच्या स्नायूंतला दाब वाढलेला असू शकतो, आणि तिथे तासांचा हिशेब असतो. पोटरी दुखून सुजली किंवा धाप लागली तर रक्ताची गुठळी असू शकते. अशा वेळी रात्री दोन वाजता कुणाला फोन करायचा? डिस्चार्ज कार्डावर पुढच्या ओपीडीची तारीख ठळक असते. हा नंबर बहुतेक कार्डांवर नसतो.