सागवानाचा बाजार : म्यानमार मागे, इक्वेडोर पुढे, आपल्या बांधावरच्या झाडाचं काय?

गावात लाकडाचा व्यापारी आला की एक वाक्य ठरलेलं असतं, "आता बाहेरून माल येतो, सागाला भाव राहिला नाही." हे अर्धं खरं आहे. माल येतो, पण कुठून आणि कसला येतो, हेही पाहायला हवं.

जुन्या वाड्यांच्या लाकडाचं कौतुक करताना आजही लोक 'बर्मा टीक' म्हणतात. तो बर्मा म्हणजे आजचा म्यानमार. या सागापायी तिथे युद्ध झालं. ओंडके कमी दाखवून जास्त नेले, असा ठपका ठेवून बर्मी दरबाराने एका ब्रिटिश कंपनीला मोठा दंड केला. तेच निमित्त करून इंग्रजांनी 1885 मध्ये राज्य जिंकलं. तिथला राजा थिबा रत्नागिरीत कैदेत राहिला आणि 1916 मध्ये तिथेच वारला.

इंग्रजांच्या काळात 1856 पासून तिथे तोडीचा नियम बसला. ठरलेल्या घेराच्या वरचंच झाड तोडायचं आणि त्याच पट्ट्यात पुन्हा 30 वर्षांनी यायचं. पुढे नियम कागदावर राहिला आणि तोड वाढत गेली. 2010 ते 2015 या काळात म्यानमारचं जंगल वर्षाला सुमारे साडेपाच लाख हेक्टरने घटलं. जंगल गमावण्यात ब्राझील आणि इंडोनेशियानंतर त्याचाच नंबर होता. शेवटी 1 एप्रिल 2014 पासून तिथल्या सरकारने अख्खे ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं. 2021 च्या लष्करी बंडानंतर अमेरिका आणि युरोपने तिथल्या सरकारी लाकूड महामंडळावर निर्बंध घातले.

इक्वेडोरची गोष्ट उलटी आहे. दक्षिण अमेरिकेतल्या या छोट्या देशात साग मुळात उगवतच नव्हता. तिथे खासगी जमिनीवर लागवड झाली. म्यानमारचे ओंडके थांबले, तेव्हा इक्वेडोरची झाडं तोडीला येत होती. आज तिथला साग ग्वायाकील बंदरातून कंटेनरने निघतो आणि त्याचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक भारत आहे.

म्हणजे जंगलावर जगणारा मागे पडला, लावणारा पुढे गेला. पण लावलेला साग 15-20 वर्षांतच तोडला जातो. त्याचा घेर लहान, आतला तपकिरी गाभा कमी आणि बाहेरचं पांढरं लाकूड जास्त. पांढऱ्या लाकडाला कीड लवकर लागते. जुन्या बर्मा सागाची सर त्याला येत नाही.

आपल्यासाठी मुद्दा इथेच आहे. बाहेरचा माल मुख्यतः बारीक घेराचा आहे. आपण 15 वर्षांचं झाड विकायला काढलं, तर थेट त्याच्याशी स्पर्धा करतो. तेच झाड वाढू दिलं, तर जाड गाभ्याचा माल तयार होतो आणि तसा माल बाहेरून कमी येतो.

म्हणून व्यापाऱ्याला नगावर झाडं देऊ नका. छातीच्या उंचीवर टेप लावून प्रत्येक झाडाचा घेर लिहून ठेवा आणि दोन-तीन वखारींत भाव विचारा. आपल्या राज्यात स्वतःच्या शेतातला सागही परवानगीशिवाय तोडता येत नाही, वाहतुकीला पास लागतो. "कागदपत्रं मी बघतो" म्हणणारा त्याचा खर्च तुमच्याच भावातून काढतो, एवढं ध्यानात ठेवा.

मुलीचं लग्न, दवाखाना अशी अडचण असेल तर झाड विकावंच लागतं, त्यात चूक नाही. पण "भाव पडणार" या भीतीपोटी कोवळं झाड तोडू नका.