चाळीतल्या कांद्याची खबर

मनमाडच्या आसपास, नांदगाव, चांदवड, येवल्याकडे उन्हाळ कांदा निघाला की घरोघर एकच खल चालतो. आज विकावा की चाळीत भरावा? काढणीला बाजार बहुधा पडलेला असतो, म्हणून भरावा. भरला तर पावसाळ्यात चाळीच्या पोटात काय चालले आहे ते कळत नाही. नाकाला वास लागतो तोवर एक सडका कांदा शेजारच्या दहांना घेऊन बसलेला असतो. दिवाळीच्या सुमारास चाळ फोडली आणि तिसरा हिस्सा उकिरड्यावर गेला, हे अनेक घरांनी सोसले आहे.

ही पोटातली खबर आधीच बाहेर आणण्याचा उद्योग आपल्याच भागात झाला आहे. लासलगावच्या कल्याणी शिंदे संगणकाची अभियांत्रिकी शिकल्या. 2018 च्या सुमारास नाशिकच्या ‘डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर’ या केंद्रात त्यांनी कांद्याच्या सडीवर काम सुरू केले आणि पुढे ‘गोदाम इनोव्हेशन्स’ ही कंपनी काढली. त्यांचे यंत्र चाळीतली उष्णता, हवेतला ओलावा आणि सडू लागलेल्या कांद्यातून सुटणारे वायू टिपते. माणसाच्या नाकाला कळण्याआधी ते यंत्राला कळते, आणि तशी सूचना मालकाला मोबाइलवर मिळते.

शेतकरी बंधूंनो, असल्या यंत्राचे आपल्याला नवल वाटण्याचे कारण नाही. विहिरीवरचा मोबाइल स्टार्टर हा त्याचाच थोरला भाऊ. पुण्याचे संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ नावाने तो बनवला आणि 2009 साली नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळाले. रात्रीच्या पाळीची वीज आली की काठी-बॅटरी घेऊन विंचूकाट्यातून विहिरीवर जायचे, ते घरात बसून फोनवर होऊ लागले. तिथे फोन हुकूम देतो. चाळीत उलटे आहे, वस्तूच आपल्याला निरोप धाडते.

पण निरोप आला म्हणून सड थांबत नाही. श्रावणाच्या झडीत फोन वाजला की अमुक कप्प्यात वायू वाढला, तर पाच फूट उंचीचा तो थर उपसायचा कोणी? निवडायला बायका मिळतात का, त्यांची मजुरी किती, ओला कांदा टाकायचा कुठे? माझ्या मते या यंत्राचा खरा उपयोग निवडणीपेक्षा विक्रीला आहे. तीन चाळींपैकी कोणती आधी फोडायची आणि कोणती आणखी महिनाभर धरायची, हे अंदाजाऐवजी आकड्यावर ठरवता येते. भाव मात्र ते यंत्र सांगत नाही, आणि निर्यातबंदी कधी लागेल तेही नाही. डिसेंबर 2023 ची बंदी अजून कोणी विसरलेले नाही.

शिवाय जो कांदा शेतातच बिघडला त्याला यंत्र काय करणार! लागवडीला दोन महिने उलटल्यावरही युरिया टाकत राहिले, मान पडण्याआधीच उपटले, पातीसकट नीट सुकवले नाही, मान अगदी बुडापाशी कापली, तर तो माल टिकत नाही. चाळीला खालून-बाजूने वारा नसेल तर यंत्र रोज ओरडेल आणि तुम्ही रोज वैतागाल.

घेण्याआधी विकणाऱ्याला चार गोष्टी रोखठोक विचारा. आमच्या मळ्यात फोनला रेंज अर्धा वेळ नसते, तेव्हा काय? वीज गेली तर बॅटरी किती तास? दरवर्षी वेगळे पैसे भरायचे का, आणि ते न भरल्यास यंत्र मुके होते का? बिघडले तर दुरुस्तीला माणूस मनमाडला येणार की यंत्रच कुरियरने धाडायचे? आणखी एक, आमच्या चाळीत किती माल आहे हा आकडा आमच्याखेरीज कोणाला दिसतो? हा प्रश्न लोक विचारत नाहीत. कोणाच्या घरात किती कांदा शिल्लक आहे, हे व्यापाऱ्याला आधी कळले तर लिलावात काय होईल ते तुम्हाला सांगायला नको.

बाजारपेठेतल्या दुकानांत आणि आता घरांवरही फोनवर दिसणारे कॅमेरे लागले आहेत. त्यांचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बहुतेक जण बदलतच नाहीत. असेच लाखभर कॅमेरे आणि तत्सम उपकरणे चोरट्यांनी 2016 साली ताब्यात घेऊन अमेरिकेतल्या मोठमोठ्या संकेतस्थळांचा कारभार बंद पाडला होता. कुलूप लावून किल्ली दारातच टांगण्यासारखे ते आहे. पासवर्ड आजच बदला.

यंत्र घ्यायचेच तर पहिल्या वर्षी एकाच चाळीत लावा, तेही शेजारच्या दोघा-तिघांनी मिळून. दुसरी चाळ नेहमीच्या पद्धतीने राहू द्या. दोन्हींत एकाच शेतातला, एकाच दिवशी भरलेला कांदा हवा. प्रत्येक वेळी बाहेर काढलेला सडका माल तोलून, तारखेसह वहीत मांडा. हे काम घरातल्या शाळकरी मुलीकडे द्या. यंत्राची किंमत, वाचलेला कांदा आणि त्या दिवशीचा मनमाडचा भाव, हा हिशेब तीच दिवाळीच्या सुट्टीत मांडून दाखवील.