द्राक्षमळ्यांतील माणसे मोजा

नाशिक शहराची वस्ती २००१ साली सुमारे १० लाख ७७ हजार होती; ती २०११ साली १४ लाख ८६ हजारांवर गेली. या वाढीची चर्चा सर्वत्र होते. परंतु याच जिल्ह्यातील सुरगाणा व पेठ तालुक्यांतून जी कुटुंबे दरसाल घर सोडतात, त्यांचा हिशेब कोणी ठेवतो काय? तेथे पाऊस मुबलक पडतो. पण डोंगरउतारावरून तो पार व दमणगंगा या नद्यांवाटे पश्चिम समुद्रास जातो. भात-नागली घरात आली की शेतात काम उरत नाही, आणि माणसे निफाड-दिंडोरीच्या द्राक्षमळ्यांची वाट धरतात.

द्राक्षांची खुडणी फेब्रुवारीत ऐन भरात असते. २०११ ची खानेसुमारी ९ ते २८ फेब्रुवारी या काळातच झाली, आणि २०२७ च्या खानेसुमारीची संदर्भतिथीही १ मार्चच ठरविण्यात आली आहे. मोजणीचा सर्व काळ जो गावाबाहेर असेल, त्याची नोंद तो सापडेल तेथे होते. म्हणजे मळ्यातील पालापर्यंत गणक पोहोचला, तर ही माणसे निफाडची. न पोहोचला, तर कोठलीच नव्हेत! पावसाळ्याच्या तोंडावर ती स्वगृही परततात, तेव्हा त्यांचे गाव कागदावर लहान झालेले असते. शाळा, दवाखाना व शिधा यांची तरतूद मात्र कागद पाहूनच होते.

पोटासाठी गाव सोडणे हा गुन्हा नव्हे. गणकांनी प्रत्येक मळा हिंडावा, ग्रामपंचायतींनी बाहेर गेलेल्यांची यादी ठेवावी, आणि सरकारने हंगामी स्थलांतराचे तालुकावार कोष्टक प्रसिद्ध करावे, एवढीच आमची मागणी आहे. ज्यांच्या हातांनी खुडलेली द्राक्षे परदेशी जातात, त्यांची स्वतःच्या गावी गणतीही होऊ नये, हे नाशिक जिल्ह्यास खचित शोभत नाही.