नाकतोड्याचे पाय मोजून झाले, आता त्याचे गाणे ऐका

‘नवी प्रजाती सापडली’ ही बातमी आपल्या विज्ञानपानांना प्रिय आहे. ‘एका जुन्या नावाखाली अनेक प्रजाती दडल्या असाव्यात’ ही बातमी मात्र क्वचितच छापली जाते. तिच्यासोबत छापायला आकर्षक छायाचित्र नसते, कारण छायाचित्रात तो फरक दिसतच नाही. लांब पायांच्या कॅटिडिडची कथा नेमकी अशीच आहे.

मराठीत याला नाकतोडाच म्हणतात, जरी शेतातल्या आखूड मिशांच्या नाकतोड्याहून त्याचे कुल वेगळे आहे. शरीराहून लांब मिशा, पानासारखे पंख आणि काटकुळे, लांबलचक मागचे पाय ही त्याची ओळख. १७५८ साली लिनियसने त्याच्या एका प्रजातीला ‘इलाँगाटा’ हे नाव दिले. १८३१ साली सर्व्हिलने ‘मेकोपोडा’ ही प्रवर्गसंज्ञा घडवली. ग्रीक भाषेत तिचा अर्थच ‘लांब पाय’. तेव्हापासून भारतापासून पूर्व आशियापर्यंत जिथे असा कीटक सापडला, तिथे बहुतेक वेळा ‘मेकोपोडा इलाँगाटा’ अशी चिठ्ठी लावून तो पेटीत टोचला गेला.

२००६ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील विवेक नित्यानंद आणि रोहिणी बालकृष्णन यांनी दक्षिण भारतातील या कीटकांची गाणी तपासली. बाह्यरूपावरून वेगळे न ओळखता येणारे हे नर पाच निरनिराळ्या प्रकारे गात होते. एकाचे गाणे आगगाडीसारखे, एकाचे हेलिकॉप्टरसारखे, एकाचे दोन भागांचे, एकाचे सुटे चिरचिरणारे, तर एकाचे दुहेरी चिरचिरणारे. मादी नराला गाण्यावरून शोधते. त्यामुळे गाणे वेगळे असेल, तर वंशही वेगळे वाहत असण्याची शक्यता बळावते. पुढे जननांगांची रचना आणि शरीरावरील मेणासारख्या आवरणाचे रसायन यांवरूनही या गटांची चाचपणी झाली. प्रश्न पूर्ण सुटलेला नाही. पण ‘एकच प्रजाती’ हे उत्तर आता सहज मान्य करता येत नाही.

आता लखनौच्या जानकीपुरमकडे पाहावे. १९५१ साली छत्तर मंझिलमध्ये सुरू झालेली केंद्रीय औषधी संशोधन संस्था आज या उपनगराच्या विस्तारात, सीतापूर रस्त्यालगत उभी आहे. रेणूची रचना अचूक ठरवणारी उपकरणे अशा संस्थेत असतात. समजा, तिच्या कुंपणावरच्या झुडपात असा एक लांब पायांचा नर रात्री गात बसला. सकाळी कोणी त्याचे छायाचित्र काढील, मोबाइलमधले ॲप ‘इलाँगाटा’ म्हणेल आणि नकाशावर एक ठिपका उमटेल. तो पाचांपैकी कोणत्या गाण्याचा, की सहाव्याच, हे त्या ठिपक्यातून कधीही कळणार नाही. असे हजार ठिपके जमले तरी हाती येतो तो छायाचित्रकारांच्या भटकंतीचा नकाशा. प्रजातीच्या प्रसाराचा नव्हे. ज्याची व्याख्याच संदिग्ध आहे, त्याचा विस्तार मोजता येत नाही.

‘किड्यांच्या याद्या करून काय मिळणार?’ हा आक्षेप नेहमीचाच. त्याचे उत्तर मलेरियाने दिले आहे. भारतात ग्रामीण मलेरिया पसरवणारा ‘ॲनोफिलिस क्युलिसिफेसिस’ हा डास दिसायला एक, पण प्रत्यक्षात पाच भावंड-प्रजातींचा समूह आहे. त्यांपैकी ‘बी’ ही प्रजाती रोगवाहक म्हणून दुबळी आहे. हा भेद न जाणता डास मोजणारी यंत्रणा निरुपद्रवी थव्यावर फवारणी खर्ची घालू शकते. वर्गीकरणातील चूक अशी थेट रुग्णालयापर्यंत पोहोचते.

दुसरा आक्षेप अधिक आधुनिक आहे : ‘डीएनए बारकोड काढा, वाद मिटेल.’ बारकोड उपयुक्त आहे, निर्णायक नाही. टोळ-नाकतोड्यांच्या गणात मायटोकॉन्ड्रियातील जनुकांच्या निकामी प्रती केंद्रकात शिरून बसलेल्या आढळतात. त्या चुकून वाचल्या गेल्या, तर प्रजातींची संख्या खोटीच फुगते. २००८ साली हे संशोधनातून दाखवले गेले. शिवाय बारकोड ज्या संग्रहाशी ताडायचा, त्यातली नावे शेवटी कोणा वर्गीकरणतज्ज्ञानेच दिलेली असतात. तिथेच पाच जणांना एक नाव असेल, तर यंत्र तीच चूक अधिक वेगाने करील.

येथे भौतिकशास्त्राचे काम सुरू होते. हा कीटक एका पंखावरील दातेरी शीर दुसऱ्या पंखाच्या कडेवर घासतो. त्यातून निघणारा ध्वनी माणसाच्या २० किलोहर्ट्झच्या मर्यादेपलीकडेही जातो. सेकंदाला ४४,१०० नमुने घेणारे साधे ध्वनिमुद्रण सुमारे २२ किलोहर्ट्झच्या वरचे काहीच टिपू शकत नाही. तापमान बदलले की गाण्याची लयही बदलते. म्हणून तापमान न नोंदवलेले मुद्रण अर्धेच असते.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने नव्या प्रजातीचे नमुने नियुक्त संग्रहालयांत जमा करणे बंधनकारक केले आहे. कायद्याची भाषा मृत नमुन्याची आहे. गाणाऱ्या कीटकांपुरता तरी नियम वाढवला पाहिजे : टोचलेल्या प्रत्येक नरासोबत त्याचेच असंक्षेपित ध्वनिमुद्रण, तारीख, वेळ, तापमान आणि अचूक स्थान यांची नोंद हवी, आणि ते सर्वांना खुले हवे. १९१६ पासून नमुने सांभाळणाऱ्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेला हे अशक्य नाही. विद्यापीठांनीही वर्गीकरणाला दुय्यम कारकुनी समजणे सोडावे आणि त्यासाठी पदे निर्माण करावीत.

विद्यार्थ्यांनी त्या नियमाची वाट पाहण्याचे कारण नाही. जानकीपुरम असो वा जुन्नर, पावसाळ्यातल्या रात्री झुडपातून आवाज येईल, तेव्हा कॅमेऱ्याआधी ध्वनिमुद्रक आणि तापमापक बाहेर काढावा. मेलेल्या नराला त्याचे गाणे पुन्हा विचारता येत नाही.