होल्स्टची ‘सावित्री’ : एका उपेक्षित संगीतिकेचा फेरविचार

भारतीय आख्यानांवर रचलेल्या पाश्चात्त्य कलाकृतींकडे आपल्याकडील समीक्षा बहुधा दोन प्रकारे पाहते. आपल्या परंपरेचा गौरव झाला म्हणून ती संतोष तरी व्यक्त करते, किंवा एडवर्ड सईद यांच्या १९७८ मधील ग्रंथानंतर रूढ झालेल्या परिभाषेत त्या कलाकृतीची ‘प्राच्यवादी’ म्हणून वासलात तरी लावते. दोन्ही प्रकारांत मूळ संहिता वाचण्याचे श्रम वाचतात. इंग्रज संगीतकार गुस्ताव्ह होल्स्ट (१८७४–१९३४) यांची ‘सावित्री’ ही एकांकी संगीतिका या दुहेरी अनास्थेची बळी ठरली आहे. इंग्लंडमध्ये ‘द प्लॅनेट्स’ या वाद्यवृंदरचनेच्या अफाट लोकप्रियतेखाली ती झाकली गेली, तर जेथे सावित्रीची कथा घरोघरी ठाऊक आहे तेथे तिची दखल घेण्याचे कोणालाच फारसे कारण वाटले नाही.

होल्स्ट यांचा भारतीय वाङ्मयाशी आलेला संबंध हौशी नव्हता. इंग्रजी भाषांतरांनी समाधान होईना, तेव्हा त्यांनी लंडनमध्ये संस्कृतचे धडे घेतले आणि कोशाच्या साहाय्याने ऋग्वेदातील सूक्तांचे स्वतः भाषांतर करून त्यांना चाली दिल्या. पुढे ‘मेघदूता’वरही त्यांनी समूहगायनाची एक दीर्घ रचना केली. त्याआधी ‘सीता’ या तीन अंकी संगीतिकेवर त्यांची काही वर्षे खर्ची पडली होती. तिच्यावर वाग्नरचा इतका दाट प्रभाव होता की पुढे ती स्वतः होल्स्ट यांनाच नकोशी झाली. त्या अपयशातून ते जे शिकले त्याचे फळ म्हणजे १९०८ च्या सुमारास लिहिलेली ‘सावित्री’. तीन पात्रे, बारा वादक, पडद्याआड राहून शब्दांवाचून गाणारा स्त्रीवृंद आणि जेमतेम अर्ध्या तासाचा अवधी, एवढाच तिचा संसार आहे. संहिताही होल्स्ट यांचीच.

महाभारताच्या वनपर्वातील उपाख्यान ज्यांच्या परिचयाचे आहे त्यांना या संहितेत प्रथम जाणवतो तो त्याग. अश्वपती नाही, नारद नाही, अंध द्युमत्सेन नाही, त्रिरात्र व्रतही नाही. संगीतिकेचा आरंभच मृत्यूच्या स्वराने होतो. रंगमंचाबाहेरून, कोणत्याही वाद्याची साथ नसताना तो सावित्रीला हाक मारतो आणि आपण कोणासाठी येत आहोत हे सांगतो. सावित्रीचा स्वर त्यात मिसळतो, पण दोघांची स्वरभूमी मात्र वेगवेगळी राहते. नारदाच्या भाकिताने मूळ आख्यानावर वर्षभर जी छाया धरली आहे, ती येथे या एका निराधार स्वरात सामावली आहे. कथाभाग गाळणे आणि त्याचे नाट्यात्म रूपांतर करणे यांतील भेद अभ्यासावयाचा असेल, तर याहून स्वच्छ उदाहरण सहसा सापडणार नाही.

याहूनही महत्त्वाचा बदल दिशेचा आहे. व्यासांची सावित्री चालते. यम सत्यवानाचा प्राण घेऊन दक्षिणेकडे निघतो आणि ती त्याच्यामागून जाते. सात पावले बरोबर चालल्याने मैत्र जडते, हा तिचा युक्तिवाद त्या चालण्यातूनच उपजतो. आपल्याकडील वटपौर्णिमेच्या चित्रांतही रेड्यावरील यम पुढे आणि सावित्री मागे अशीच रचना असते. होल्स्टची सावित्री मात्र कोठेही जात नाही. वनातून येणाऱ्या लांब वाटेने मृत्यूच तिच्याकडे येतो, आणि ती त्याला घाबरण्याऐवजी त्याचे स्वागत करते. मूळ आख्यानात अनुगमन आहे, येथे आगमन आहे. त्यामुळे वरांचे गणितही बदलते. श्वशुराची दृष्टी, त्याचे राज्य, पित्याला शंभर पुत्र, स्वतःला शंभर पुत्र अशी चढती मालिका जाऊन एकच वर उरतो. सत्यवानासाठी काही मागावयाचे नाही ही अट मृत्यू घालतो. सावित्री स्वतःसाठी मागते ते परिपूर्ण जीवन. वर मिळाल्यावर ती दाखवून देते की सत्यवानावाचून ते जीवन संभवतच नाही. पेच तोच आहे, पण शतपुत्रांच्या जागी ‘जीवन’ आल्याने पातिव्रत्याचे आख्यान जीवनेच्छेचे आख्यान झाले आहे.

या बदलात काही हरवले आहे, हेही मान्य करावयास हवे. व्यासांची सावित्री वाक्पटू आहे. धर्म, सज्जनांची संगती, दया यांविषयी ती जे बोलते त्याने यम टप्प्याटप्प्याने प्रसन्न होतो. होल्स्ट यांनी ही बौद्धिक झुंज जवळजवळ सोडून दिली आणि तिच्या जागी मायेचा विचार आणला. उपाख्यानात मायावादाला स्थान नाही. हा वेदान्ताचा विचार होल्स्ट यांनी आपल्या अन्य वाचनातून येथे आणला. सत्यवानाच्या तोंडी तो काहीसा व्याख्यानासारखा येतो आणि जुन्या वळणाच्या इंग्रजीमुळे अधिकच जड होतो. संगीतिकेची ही सर्वांत कच्ची जागा होय. शेवटी मात्र, निघून जाणारा मृत्यू स्वतःलाच मायेत जमा करतो तेव्हा, हीच कल्पना नाट्यदृष्ट्या सार्थ ठरते.

प्रयोगांचा इतिहास पाहिला तर उपेक्षेचे एक कारण रचनेतच असल्याचे दिसते. प्रयोग उघड्यावर, नाहीतर लहानशा वास्तूत व्हावा, पडद्याची गरज नाही, वादक व गायकवृंद दिसू नयेत, अशा होल्स्ट यांच्या सूचना आहेत. पहिला प्रयोग महायुद्धाच्या धामधुमीत, ५ डिसेंबर १९१६ रोजी लंडनच्या वेलिंग्टन हॉलमध्ये एका संगीतिका-विद्यालयाने केला. ऐन हिवाळ्यात वनवाटेची गोष्टच नको. व्यावसायिक रंगभूमीवर ती आली २३ जून १९२१ रोजी, हॅमरस्मिथच्या लिरिक थिएटरात, आर्थर ब्लिस यांच्या संचालनाखाली. अर्ध्या तासाच्या कृतीने संध्याकाळ भरत नाही, म्हणून तिला नेहमी दुसऱ्या एखाद्या संगीतिकेचा शेजार शोधावा लागतो. मोठी नाट्यगृहे तिच्या वाटेला फारशी जात नाहीत आणि ती प्रामुख्याने विद्यालये व लहान मंडळ्या यांच्याकडेच राहते. १९६५ मध्ये झालेल्या ध्वनिमुद्रणात जॅनेट बेकर यांनी सावित्री गायिली. संचालन होते होल्स्ट यांच्या कन्या इमोजेन यांचे, ज्यांनी १९५०–५१ मध्ये शांतिनिकेतनात राहून भारतीय संगीताची ओळख करून घेतली होती. वडिलांना ती संधी लाभली नव्हती. ‘सावित्री’त रागसंगीताचा अनुकार कोठेही नाही, आणि पौर्वात्य रंग भरण्याचा सोस नसल्यामुळेच प्राच्यवादाचा आरोप तिला सरधोपटपणे चिकटत नाही.

मराठी अभ्यासकाला यात स्वारस्य का असावे? १९१६ हेच खाडिलकरांच्या ‘संगीत स्वयंवरा’चे वर्ष. तेथेही आख्यान पुराणातले आणि निर्णय स्त्रीचा. परंतु गंधर्व नाटक मंडळीच्या रंगमंचावर भास्करबुवा बखल्यांच्या चालींनी पद हा नाट्याचा उत्सव झाला, गद्य थांबले की गाणे फुलू लागले आणि प्रेक्षकांच्या आग्रहाने लांबतही गेले. होल्स्ट यांच्याकडे थांबण्याची सोयच नाही, कारण बोलणे म्हणजेच गाणे. एका परंपरेने आख्यानाला विस्तार दिला, तर दुसऱ्या परंपरेतील या एका माणसाने ते काटेकोरपणे आकसले. तुलनात्मक अभ्यासात ‘शाकुंतल’ आणि गटे यांची जोडी आपण वर्षानुवर्षे शिकवतो. तेथे एका कवीने केलेली प्रशंसा असते. येथे मूळ संहितेशी कोश हाती घेऊन केलेला व्यवहार आहे. वनपर्वातील ते थोडेसे अध्याय आणि होल्स्टची काही पानांची संहिता पदव्युत्तर वर्गात शेजारी ठेवून दोन तासिकांत वाचता येण्याजोगी आहे, आणि ध्वनिमुद्रण ऐकावयास तिसरी पुरते.